बिअर आली, मैदान राहिलं

सप्टेंबर संपत आला की आपल्याकडच्या पबांच्या जाहिराती एकदम निळ्या-पांढऱ्या होतात. बाहेर ऑक्टोबर हीटने डांबर वितळतंय, आत एसी अठरावर, छताला चौकटीच्या पताका, वेटर पोरांना गॅलसवाल्या अर्ध्या चड्ड्या, आणि ताटात चकलीचा थोरला भाऊ शोभेल असा प्रेट्झेल. वर 'दोन बिअरवर एक फुकट'. झाला ऑक्टोबरफेस्ट!

आता तुम्हाला वाटेल की हा माणूस संस्कृती बुडाल्याचं रडगाणं गाणार. अजिबात नाही. ज्याला प्यायची त्याने प्यावी. (आपल्या राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे पिणाऱ्याला आजही परवाना लागतो. तुमच्यापैकी किती जणांकडे तो आहे, हे मी विचारणार नाही. :-)) माझी तक्रार वेगळी आहे. आपण जर्मनांचा हा उत्सव कॉपी-पेस्ट केला खरा, पण एखाद्या नवशिक्या पोराने नेटवरून कोड उचलावा तसा. स्क्रीन दिसायला तश्शीच, मागचं काहीच आणलेलं नाही. आणि या उत्सवात मागचं जे आहे ना, तेच तर घेण्यासारखं आहे.

मागचं म्हणजे काय? म्हणजे मैदान. आणि त्या मैदानाचे नियम. बिअर तिसऱ्या नंबरवर येते.

हे मी सारसोळ्यात राहून लिहितोय म्हणून जरा जास्त जोरात लिहितोय. ज्यांना सारसोळे माहीत नाही त्यांच्यासाठी: नेरुळ स्टेशनला उतरायचं, पश्चिमेला रिक्षा पकडायची, सेक्टर ६ मध्ये शिरायचं. सोसायट्यांच्या मधोमध अचानक गल्ल्या अरुंद होतात, घरं एकमेकांना खेटून उभी राहतात, मासळीचा वास येतो. तेच सारसोळे गाव. आगरी-कोळ्यांचं. नेरुळ नोडच्या कितीतरी आधीचं. गावाच्या पश्चिमेला पाम बीच रोड, रोडच्या पलीकडे खारफुटी, आणि खारफुटीतून पुढे गेलं की खाडीवरची सारसोळे जेट्टी. गाव रस्त्याच्या एका बाजूला आणि होड्या दुसऱ्या बाजूला. हे चित्र जरा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर, २०२३ च्या सप्टेंबरात प्रोजेक्टच्या कामाने मी सहा आठवडे म्युनिकला होतो. त्या वर्षी ऑक्टोबरफेस्ट १६ सप्टेंबर ते ३ ऑक्टोबर असा अठरा दिवस चालला. (नाव ऑक्टोबरचं, बराचसा उत्सव सप्टेंबरात. तिकडे ऑक्टोबरात गारठा वाढतो म्हणून एकोणिसाव्या शतकातच त्यांनी तो अलीकडे ओढला.) आपले गणपती त्या वर्षी १९ सप्टेंबरला बसले. म्हणजे एकाच आठवड्यात म्युनिकमधल्या मराठी घरांत उकडीचे मोदक आणि दोन-तीन स्टेशनं पलीकडे ही जत्रा. ऑनसाईटवाल्यांची चैन होती एकूण.

जत्रा हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. जाण्याआधी माझ्या डोक्यात होतं की एक प्रचंड मोठा बार असेल. प्रत्यक्षात आकाशपाळणे, मौत का कुआं, नेमबाजीचे स्टॉल, साखरेत घोळलेले भाजके बदाम, 'तुझ्यावर प्रेम आहे' असं लिहिलेली जिंजरब्रेडची बदामं गळ्यात घातलेल्या आज्या, आणि बाबागाडीतली पोरं. मंगळवारी तर फॅमिली डे असतो, पाळण्यांचे दर कमी. सहा वर्षांखालच्या पोरांना रात्री आठनंतर तंबूत ठेवायचं नाही असा नियम आहे. पाळणेवाल्या, स्टॉलवाल्या फिरस्त्या कुटुंबांसाठी एका तंबूतच चर्चची प्रार्थना होते. आपल्या जत्रेत देवाला पहिला नारळ मिळतो, त्याच जातीचं हे प्रकरण.

आकडेच बघा ना. २०२३ मध्ये तिथे सुमारे ७२ लाख लोक येऊन गेले आणि सुमारे ६५ लाख लिटर बिअर खपली. भागाकार करा. माणशी एक लिटरसुद्धा नाही पडत. आता काही मंडळी एकटी चार-चार लिटर रिचवतात हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणजे उरलेल्या कितीतरी लोकांनी ग्लासाला हातही लावलेला नसणार. ते जत्रेला आले होते.

बिअर मिळते ती एक लिटरच्या जाड काचेच्या मगात. त्याला म्हणतात 'मास'. (महिना नव्हे, मांसही नव्हे.) त्या वर्षी एका मासाला तंबूप्रमाणे १२.६० ते १४.९० युरो पडत होते, म्हणजे आपले अकराशे ते तेराशे रुपये. मी एक घेतला आणि दीड तास पुरवला. कंपनीच्या रोजच्या भत्त्यावर राहणारा मराठी माणूस अजून काय करणार!

याच मैदानाच्या दक्षिण टोकाला 'ओयडं वीझन' म्हणजे 'जुनी जत्रा' नावाचा वेगळा भाग होता. २०१० मध्ये उत्सवाला दोनशे वर्षं झाली तेव्हा तो सुरू केला. बाहेरच्या जत्रेला तिकीट नाही, इथे मात्र चार युरो. आत जुने लाकडी पाळणे, मातीचे मग, बव्हेरियातले लोकनाच, पारंपरिक बँड. मोठ्या तंबूंसारखा गोंगाट नाही. माझ्या शेजारच्या बाकावर एक आजोबा बसले होते. त्यांनी मोडक्या इंग्रजीत मला विचारलं, तुमच्याकडे असं काही आहे का? मी म्हटलं, आहे की. मग ते म्हणाले, कुठे भरतं?

मी दोन मिनिटं विचार करत बसलो. कधी भरतं हे मला चटकन सांगता आलं असतं. कुठे भरतं याचं उत्तर 'रस्त्यावर' असं होतं.

आता जरा इतिहास. (ज्यांना कंटाळा असेल त्यांनी दोन परिच्छेद उडी मारा, पण मारू नका.)

१२ ऑक्टोबर १८१० ला बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि राजकन्या थेरेसे यांचं लग्न झालं. पाच दिवसांनी, १७ तारखेला, शहराच्या वेशीबाहेरच्या कुरणावर घोड्यांची शर्यत ठेवली आणि सगळ्या गावाला बोलावलं. कुरणाला नवरीचं नाव पडलं: थेरेझियनवीझ. 'वीझ' म्हणजे कुरण. म्युनिककर आजही 'ऑक्टोबरफेस्टला चाललो' म्हणत नाहीत, 'वीझनला चाललो' म्हणतात. उत्सवाला त्यांनी कुरणाचं नाव दिलं आहे. पुढच्या वर्षी तिथे शेतीचं प्रदर्शन जोडलं गेलं. १८१९ पासून म्युनिक शहराने सगळं आयोजन आपल्या हातात घेतलं. युद्धं, कॉलरा, १९२३-२४ ची महागाई, आणि अगदी अलीकडे २०२० आणि २०२१ चा कोविड, अशा वेळी जत्रा भरली नाही. पण मैदान होतं तिथेच राहिलं, म्हणून पुन्हा भरली.

खरी गोष्ट आता सुरू होते. १८१० मध्ये ते कुरण गावाबाहेर होतं. नंतर शहर वाढलं, कुरणाला चारी बाजूंनी वेढा पडला. आज ते म्युनिकच्या ऐन मध्यात आहे, मुख्य रेल्वे स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर. आकार साधारण ४२ हेक्टर, म्हणजे १०४ एकर. आपलं दादरचं शिवाजी पार्क २८ एकरांच्या आसपास आहे, म्हणजे पावणेचार शिवाजी पार्क! आणि म्युनिक हे जर्मनीतलं सर्वांत महागड्या घरांचं शहर. तिथे आमच्या टीममधली चांगली पगारदार पोरं घर मिळत नाही म्हणून तास-तासभर लांबून येतात. अशा शहरात एवढी जमीन वर्षातला बराच काळ जवळपास रिकामी पडून असते. वसंतातली एक लहान जत्रा, एक जुना बाजार, हिवाळ्यातला एक महोत्सव, एवढंच काय ते. बाकी दिवस लोक तिथे कुत्री फिरवतात, पोरं स्केटिंग शिकतात.

आपल्याकडच्या एखाद्या बिल्डरला ते मैदान दाखवलं तर त्याला चक्कर येईल.

एवढं करून ते नुसतं मैदान ठेवून थांबलेले नाहीत. नियम आहेत, आणि नियमांत गावकऱ्याचा वाटा आहे. तंबूत बिअर फक्त म्युनिकच्या सहा ब्रुअऱ्यांची: ऑगस्टिनर, हाकर-प्शोर, होफब्रॉय, ल्योवेनब्रॉय, पाउलानर आणि श्पाटेन. ती शहराच्या हद्दीतच बनलेली असली पाहिजे. जगातली कितीही मोठी कंपनी येवो, तिला तिथे तंबू मिळत नाही. (यातल्या काही ब्रुअऱ्यांची मालकी आता परदेशी कंपन्यांकडे आहे, हेही खरं. पण बिअर म्युनिकमध्येच बनवावी लागते.) जत्रेत शिरायला तिकीट नाही. तंबूतली सगळी टेबलं आगाऊ विकता येत नाहीत, ठरावीक वाटा आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी मोकळा ठेवावा लागतो. २००५ पासून संध्याकाळी सहापर्यंत तंबूत आवाज ८५ डेसिबलच्या आत आणि बँड पारंपरिक, म्हणजे म्हाताऱ्यांना आणि पोराबाळांना दिवसा बसता यावं. रात्री साडेदहाला बिअर बंद. पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजता महापौर स्वतः पिंपाला तोटी ठोकतो आणि तोपर्यंत कुणालाही थेंब मिळत नाही. ही महापौरांची प्रथा तशी नवी आहे, १९५० पासूनची. परंपरा म्हणजे सगळं हजार वर्षं जुनं लागतं असं नाही. सत्तर-पंचाहत्तर वर्षं न चुकता केलं की तीही परंपरा होते.

पहिल्या रविवारी शहरातून सुमारे सात किलोमीटरची मिरवणूक निघते. पारंपरिक पोशाखातली हजारो माणसं, घोडे, बँड. त्यासाठी भर शहरातले रस्ते बंद होतात, ट्रॅम थांबतात. कुणी हॉर्न मारत नाही, कारण रस्ता कधी बंद होणार हे महिनाभर आधीपासून सगळ्यांना माहीत असतं.

आता बिअरकडे येतो, कारण तिच्यात एक सारसोळ्याची गोष्ट दडलेली आहे.

१५५३ मध्ये बव्हेरियाच्या ड्यूकने हुकूम काढला की बिअर फक्त २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच बनवायची. उन्हाळ्यात बिअर नासायची आणि भट्ट्यांमुळे आगी लागायच्या. मग मार्च महिन्यात जरा कडक बिअर बनवून थंड तळघरांत साठवायची, ती उन्हाळाभर पुरवायची आणि शरदात नवा हंगाम सुरू व्हायच्या आत पिंपं रिकामी करायची. त्या बिअरला 'मेर्झेन' म्हणजे मार्चची असंच नाव आहे, आणि पुढे ऑक्टोबरफेस्टची बिअर म्हणून तीच गाजली. थोडक्यात काय, जुना हंगाम संपला, नवा सुरू होतोय, या सांध्यावरचा हा आनंद आहे.

ऐकल्यासारखं वाटतंय ना? आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात मासेमारी बंद असते. खवळलेला दर्या आणि माशांचा अंडी घालायचा काळ. सरकारी हिशोबात यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै बंदी असते, पण कोळ्यांचं जुनं कॅलेंडर नारळी पौर्णिमेचं. त्या दिवशी दर्याला नारळ द्यायचा आणि मग होड्या लोटायच्या. तिकडे बिअरचा हंगाम, इकडे मासळीचा. तिकडे उन्हाळ्यात हात आवरायचा, इकडे पावसाळ्यात. दोन्हीकडे 'आता थांब' आणि 'आता चल' हे सांगणारा ऋतू आहे, आणि उत्सव त्यातून आलाय. पुढे याच म्युनिकमध्ये कार्ल फॉन लिंडं नावाच्या इंजिनियरने १८७० च्या दशकात ब्रुअऱ्यांसाठी थंडाव्याची यंत्रं तयार केली आणि बिअर बारा महिने बनवता येऊ लागली. ऋतूची गरज संपली. (आपल्या धक्क्यांवर मासळीवर पडणारा कारखान्यातला बर्फही त्याच जातीच्या यंत्रातून आला.) तरी उत्सव संपला नाही. का? कारण तोवर त्याला स्वतःची जागा होती.

आणि आता सारसोळे.

म्युनिकमध्ये शहर कुरणाभोवती वाढलं आणि मधलं कुरण सोडलं. आमच्याकडे शहर गावाभोवती वाढलं आणि गावठाण सोडून सगळं घेतलं. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली. ठाणे, उरण, पनवेल या भागांतल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई उभी राहिली. जमिनीच्या दरासाठी १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तानला आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली. हा सगळा इतिहास इथल्या लहान पोरालाही पाठ असतो. पण साडेबारा टक्क्यांचा हिशोब सातबाऱ्यावरच्या शेतजमिनीचा होता. जाळी वाळवायची मोकळी जागा, मासळी सुकवायचं खळं, पालखी नाचवायचं पटांगण, होडी ओढून ठेवायचा काठ, याचा सातबारा कुणाच्या नावावर असणार? कागदावर जे कुणाचंच नव्हतं, ते रोज सगळ्यांच्या वापरात होतं. शहर झालं तेव्हा तेच आधी गेलं.

गावात घरं वाढली, कुटुंबं वाढली, मग 'गरजेपोटी बांधलेली घरं' उभी राहिली. त्यामुळे गावाच्या आतही मोकळी जागा उरली नाही. आज नारळी पौर्णिमेला सारसोळ्यातून मिरवणूक निघते, बायका नऊवारीत, पोरं डोक्याला रुमाल बांधून, पुढे बेंजो, मधे सजवलेला नारळ. ती जेट्टीकडे जाते. आणि वाटेत पाम बीच रोड आडवा येतो. वाशी ते बेलापूर सुसाट जाणारा, आपल्या सगळ्यांचा लाडका रस्ता. मग काय, शिट्ट्या, दोऱ्या, हॉर्न. एखादा गाडीवाला काच खाली करून म्हणतोच, "रस्त्यावर कशाला नाचता?"

मी त्या रस्त्यावरून रोज ऑफिसला जातो, त्यामुळे त्या गाडीवाल्याची घाई मला समजते. पण आमच्याकडे मासळी घेऊन येणाऱ्या मावशी एकदा जे म्हणाल्या ते त्याहून जास्त पटतं. त्या म्हणाल्या, आम्ही कुठे रस्त्यावर आलो, रस्ताच आमच्या वाटेवर आला.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: मोठ्या शहरात असं चालायचंच, गावच्या एका सणासाठी शहराने किती थांबायचं? आता याच नेरुळमध्ये, डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, जानेवारी २०२५ मध्ये कोल्डप्लेचे तीन कार्यक्रम झाले. वाहतूक वळवली, पोलिस बंदोबस्त लावला, आधीपासून पेपरात नकाशे आले. सगळं शहर थांबलं आणि कुणाचंही काही बिघडलं नाही. तुमच्यातले कितीतरी जण तिथे हातात मनगटदिवे लावून होतेच. मीही गेलो असतो, तिकीट मिळालं नाही म्हणून खिडकीतून गर्दी बघितली. म्हणजे या शहराला रस्ते थांबवता येतात. प्रश्न आहे तो कुणासाठी थांबवायचे याचा.

दुसरा आक्षेप: म्युनिकचा उत्सव म्हणजे शेवटी धंदाच. मान्य. मास दरवर्षी महाग होतो, गर्दी कधीकधी श्वास कोंडेल इतकी, आणि रात्री मैदानामागच्या उतारावर झिंगून आडवे पडलेले लोक दिसतात. त्यांना तिकडे 'बिअरची प्रेतं' म्हणतात, यावरून काय ते समजा. २६ सप्टेंबर १९८० ला एका अतिउजव्या तरुणाने प्रवेशद्वाराशी बॉम्ब ठेवला, त्यात तो धरून तेरा माणसं गेली. त्याचं स्मारक त्याच दाराशी आहे. आता सगळ्या मैदानाला कुंपण असतं, मोठ्या बॅगा आत नेता येत नाहीत. सगळं गोड-गोड नाही तिकडे. पण या धंद्यात हॉटेलवाल्याने, कंपनीने काय करायचं आणि काय नाही, हे शहर ठरवतं. आपल्याकडे एखादा 'फेस्टिव्हल' भरला की प्रायोजक ठरवतो. शेवटी गावकऱ्याच्या वाट्याला स्टेजसमोरची प्लास्टिकची खुर्ची येते, तीही तिसऱ्या रांगेतली, कारण पहिल्या दोन पाहुण्यांसाठी राखीव असतात.

तिसरा आक्षेप जरा अवघड आहे. जागा आणायची कुठून? जेट्टीजवळ मोकळं दिसतं ते सगळं खारफुटीचं. ती तोडून, भराव घालून मैदान करणं मला मान्य नाही. कायद्यालाही नाही, २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटी तोडायला स्पष्ट मनाई केलेली आहे. आणि कोळ्याला हे सांगायची गरज नाही, कारण चिंबोऱ्या आणि कोळंबी त्या मुळांतच वाढतात. म्हणजे मैदान रस्त्याच्या अलीकडे, जमिनीच्या बाजूलाच मिळायला हवं. तिथे प्रत्येक चौरस फुटाला भाव आहे. पण भाव म्युनिकमध्ये नाही का? तिथे तर जास्तच आहे. मैदान ठेवायचं ते महाग जमिनीवरच ठेवावं लागतं. स्वस्त जमिनीवर ते आपोआपच असतं, त्यासाठी नियम करायची गरज नसते.

म्हणून माझं म्हणणं चार ओळींचं आहे.

एक: सारसोळ्याच्या, आणि नेरुळमधल्या प्रत्येक मूळ गावाच्या वाट्याला, विकास आराखड्यात एक मैदान 'गावाचं मैदान' म्हणून राखून ठेवा. उद्यान नको. उद्यानात संध्याकाळी नऊला शिट्टी वाजते, गवतावर बसू नका अशी पाटी असते, आणि जाळं वाळत घातलं तर वॉचमन हाकलतो. मैदान म्हणजे मोकळी माती. वर्षभर जाळी, क्रिकेट, लग्नं. सणाला पालखी आणि नाच.

दोन: नारळी पौर्णिमेला संध्याकाळी सारसोळे सिग्नलजवळ पाम बीच रोड दोन तास बंद. मेहरबानी म्हणून नको, ऐन वेळी नको. वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करून. पौर्णिमा कधी येणार हे कॅलेंडरमध्ये छापलेलं असतं, त्यासाठी कुणाला रिलीज प्लॅन करावा लागत नाही.

तीन: त्या दिवशी मैदानावर स्टॉल लागले तर ते इथल्याच बायकांचे. म्युनिकमध्ये सहाच ब्रुअऱ्या, तसं इथे याच गावांची मासळी, याच गावांच्या तांदळाच्या भाकऱ्या. बाहेरचा ब्रँड कितीही पैसे घेऊन येवो, त्याने गिऱ्हाईक म्हणून यावं. हे काही अशक्य नाही. मुंबईत वेसाव्याला कोळी लोक आपला सी-फूड फेस्टिव्हल स्वतः भरवतात आणि अर्धी मुंबई तिथे जेवायला जाते.

चार: बिअर नको. खरंच नको. उत्सवाला मोकळी जागा मिळाली की कोणती तरी बाटली शिरकाव करणारच असं म्हणणारे भेटतात, म्हणून स्पष्ट लिहितोय. कोळीवाड्यातल्या बायकांनी दारूचे संसार पाहिलेत, त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्या मैदानावर काहीही ओतू नये.

या सगळ्यात आपला, म्हणजे सेक्टरवाल्यांचा, काय संबंध? तर असा, की मैदान मागायचा आवाज गावातून आला की तो 'प्रकल्पग्रस्तांची मागणी' या फाईलमध्ये जातो आणि तिथेच राहतो. सोसायट्यांमधून आला तर तो 'नागरिकांची मागणी' होतो. हा भेद वाईट आहे, पण आहे. आराखड्यांवर हरकती-सूचना मागवतात तेव्हा आपण आपल्या पार्किंगबद्दल लिहितो, समोरच्या बिल्डिंगच्या उंचीबद्दल लिहितो. त्यात एक ओळ गावाच्या मैदानाची लिहायला किती वेळ लागतो? आपली पोरं गणपतीत ज्या मांडवासमोर नाचतात तोही रस्त्यावरच असतो. मैदान झालं तर तो रस्ता आपल्यालाही मोकळा मिळेल, हा स्वार्थ आहेच.

म्युनिकच्या त्या आजोबांना मी शेवटी सांगितलं की आमचा उत्सव समुद्राच्या काठी भरतो. ते खूश झाले, म्हणाले फारच सुंदर असणार. सुंदर आहेच. फक्त तिथवर पोचायला सहा लेन ओलांडाव्या लागतात, एवढं मी बोललो नाही.

यंदाही पबांमध्ये प्रेट्झेल येतील, चड्ड्या येतील, पताका लागतील. तुम्ही जा, मजा करा. पण कुणी विचारलं की जर्मनांकडून काय आणावं, तर सांगा, त्यांच्यासारखं एक कुरण मोकळं ठेवायला शिका. बाकी सगळं सारसोळ्यात आधीपासून आहे.